मतपत्रिकेवरचा वकील

कॅलिफोर्नियात दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मतदाराच्या हाती जी लांबलचक मतपत्रिका पडते, तिच्यावर गव्हर्नरच्या उमेदवारांबरोबर आणखी एका पदाचे उमेदवार असतात. ते पद म्हणजे राज्याचा ॲटर्नी जनरल. सरकारचा वकील कोण असावा हे तिथे सरकार ठरवत नाही, मतदार ठरवतो.

आपल्याला हे नवलाचं वाटतं, कारण आपल्याकडची रीत वेगळी आहे. राज्यघटनेच्या १६५व्या कलमानुसार राज्याच्या महाधिवक्त्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. ही मर्जी प्रत्यक्षात मंत्रिमंडळाची असते. ही चौकट लेचीपेची आहे असं मुळीच नाही. होरमसजी सिरवई यांच्यासारखा घटनातज्ज्ञ १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षं आधी मुंबई राज्याचा आणि मग महाराष्ट्राचा महाधिवक्ता होता, आणि त्या काळात त्या पदाचा दबदबा केवढा होता हे मुंबईच्या उच्च न्यायालयात आजही सांगितलं जातं. पण सरकारची भूमिका एक आणि महाधिवक्त्याची दुसरी, असं फार काळ चालू शकत नाही. मार्च २०१६ मध्ये श्रीहरी अणे यांनी वेगळ्या विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याचीही भाषा केली, विधिमंडळात गदारोळ झाला आणि दोन दिवसांच्या आत त्यांचा राजीनामा आला.

कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलचा राजीनामा गव्हर्नर मागू शकत नाही. दोघेही थेट लोकांनी निवडलेले, कधी कधी तर विरुद्ध पक्षांचे. अमेरिकेच्या पन्नासपैकी त्रेचाळीस राज्यांत हा अधिकारी लोकांच्या मतांनी येतो. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग या पाच राज्यांत गव्हर्नर त्याला नेमतो. मेनमध्ये विधिमंडळ गुप्त मतदानानं निवडतं आणि टेनेसीत राज्याचं सर्वोच्च न्यायालय आठ वर्षांसाठी नेमतं. निवडून येणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळा पुढच्या पायरीवर असतं. ॲटर्नी जनरलांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावाची आद्याक्षरं घेऊन तिला ‘होऊ घातलेल्या गव्हर्नरांची संघटना’ म्हणण्याची तिकडे जुनी थट्टा आहे. पण हा माणूस नेमका कोणाचा वकील, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो गव्हर्नरचा वकील की विधिमंडळानं केलेल्या कायद्याचा? की ज्यांनी मतं दिली त्या लोकांचा? आणि लोकांचा असेल, तर ज्यांना मतच नाही त्यांचं काय? या शेवटच्या प्रश्नापाशी कॅलिफोर्नियातल्या पहिल्या भारतीयांची कहाणी येऊन भिडते.

राज्य जन्माला आलं ते सोन्याच्या धावपळीत. १८४९च्या घटनेखाली एडवर्ड केवेन हे पहिले ॲटर्नी जनरल झाले आणि थोड्याच दिवसांत पायउतारही झाले. त्यानंतरची पन्नास वर्षं या पदावर बरेच जण आले आणि गेले. पदाला वजन आलं ते युलिसिस वेब या माणसामुळे. सिएरा पर्वतातल्या प्लुमास परगण्यात जिल्ह्याची सरकारी वकिली करून आलेले वेब १९०२ साली रिकाम्या जागेवर नेमले गेले आणि मग निवडणुकीमागून निवडणूक जिंकत जानेवारी १९३९ पर्यंत तिथेच राहिले. छत्तीस वर्षांहून अधिक काळ एका माणसानं हे पद सांभाळलं. कॅलिफोर्नियात हा विक्रम कोणी मोडलेला नाही आणि आता मोडताही येणार नाही, कारण १९९० पासून दोन कारकिर्दींची मर्यादा आली आहे.

वेब यांचं नाव ज्या कायद्याशी कायमचं जोडलं गेलं, तो १९१३चा परकीयांच्या जमिनीचा कायदा. त्याचा मसुदा त्यांनी फ्रान्सिस हेनी या वकिलाबरोबर तयार केला. कायद्यात जपानचं नाव नाही, कुठल्याच देशाचं नाही. ‘नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना’ शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं कसायलाही घेता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. अपात्र कोण, हे केंद्राच्या कायद्यानं आधीच ठरवलं होतं: गोरे आणि आफ्रिकी वंशाचे लोक सोडून बाकी सगळे. म्हणजे वार बरोबर लागत होता आणि हात कोणाचा हे कागदावर दिसत नव्हतं. वेब यांनी मात्र काही लपवलं नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉमनवेल्थ क्लबात भाषण करताना त्यांनी उघड सांगितलं, की या कायद्याचा पाया वंशाच्या आधारावरची नकोशी भावना हाच आहे. ज्यांना नागरिक होता येत नाही ते इथे फार दिवस राहू नयेत, म्हणून त्यांच्या जमिनीच्या हक्कावर घाव घालायचा, असा तो सरळ हिशेब होता.

कायदा मोडून घेतलेली जमीन राज्याच्या मालकीची होई, आणि तसा दावा लावणं हे ॲटर्नी जनरलचं काम होतं. १९२० साली लोकांनी सार्वमतानं कायदा आणखी आवळला. खंडानं जमीन घेण्याची वाटही बुजली. लॉस एंजेलिस परगण्यात पोर्टरफील्ड नावाच्या एका जमीनमालकाची ऐंशी एकर भाजीपाल्याची जमीन होती. ती एका जपानी शेतकऱ्याला पाच वर्षांसाठी खंडानं द्यायची त्याची इच्छा होती. व्यवहार केला तर ॲटर्नी जनरल जमीन जप्त करतील म्हणून तो आधीच न्यायालयात गेला. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याचा आणि त्याच्यासारख्या इतरांच्या खटल्यांचा निकाल लागला. पोर्टरफील्ड विरुद्ध वेब, वेब विरुद्ध ओब्रायन, फ्रिक विरुद्ध वेब अशी त्या खटल्यांची नावं. तिन्हींत वेब जिंकले.

त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला आणखी एक निकाल लागला होता. भगतसिंग थिंड हे पंजाबातून गेलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात शिपाई राहिलेले गृहस्थ. त्यांना नागरिकत्व मिळालं होतं. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस गोरा नव्हे, म्हणून तो नागरिकत्वास अपात्र. या एका वाक्यासरशी कॅलिफोर्नियाचा जमीन कायदा भारतीयांच्याही दारात येऊन उभा राहिला. इंपीरियल खोऱ्यात कापूस आणि खरबुजं पिकवणारे शेकडो पंजाबी शेतकरी होते. वाळवंटाला कालव्याचं पाणी मिळालं तेव्हा त्यांनी ती जमीन घामानं हिरवी केली होती. आता सातबाऱ्यासारख्या नोंदीवर त्यांचं नाव येऊ शकत नव्हतं. मग कोणी ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या किंवा बँकवाल्याच्या नावानं करार केला, कोणी मेक्सिकन बायकोपासून झालेल्या, अमेरिकेत जन्मल्यामुळे नागरिक असलेल्या मुलाच्या नावानं जमीन ठेवली. सगळा व्यवहार तोंडी विश्वासावर चाले, आणि विश्वास तुटला तर दाद मागायला जागा नव्हती, कारण न्यायालयात जाणं म्हणजे स्वतःवरच खटला ओढवून घेणं होतं.

सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगाई पेशावरहून बायको कला आणि तीन मुलांना घेऊन १९१५ साली आले होते. त्यांनी मिळवलेलं नागरिकत्व थिंड निकालानंतर काढून घेतलं गेलं. नागरिकत्व गेलं तसा जमीन कायद्याचा फास बसला आणि मालमत्ता हातची गेली. १९२८ साली त्यांनी आपलं जीवन संपवलं. जाण्याआधी त्यांनी एका वर्तमानपत्राला पत्र लिहून आपण हे का करत आहोत ते जगाला सांगितलं. नागरिकत्व रद्द करण्याचा दावा केंद्र सरकारचा होता, वेब यांचा नव्हता, हे स्पष्ट केलं पाहिजे. पण अपात्र ठरलेल्या माणसाच्या हातून जमीन आणि घर जावं यासाठी जो सापळा तयार होता, तो लोकांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलेल्या वकिलानं घडवलेला होता. बगाईंसारख्यांना मत नव्हतं. वेब यांना त्यांच्याकडे बघण्याची गरज कधी पडली नाही.

वेब निवृत्त होण्याआधी पदाचं रूप बदललं. १९३४ साली घटनादुरुस्ती होऊन ॲटर्नी जनरल हा राज्याचा मुख्य कायदा अधिकारी झाला. प्रत्येक परगण्याचा शेरीफ आणि प्रत्येक जिल्ह्याचा सरकारी वकील त्याच्या देखरेखीखाली आला. एखाद्या परगण्यात कायद्याची नीट अंमलबजावणी होत नसेल, तर तिथे जाऊन खटला स्वतः चालवण्याचा अधिकार त्याला मिळाला. पगार राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीइतका झाला. या दुरुस्तीसाठी सगळ्यात जास्त धडपड केली ती ओकलंड शहर ज्यात येतं त्या अलामेडा परगण्याचे सरकारी वकील अर्ल वॉरन यांनी, आणि १९३८ साली त्या जागेसाठी ते स्वतःच उभे राहिले. तेव्हाच्या नियमानुसार एकाच उमेदवाराला अनेक पक्षांची प्राथमिक निवडणूक लढवता येई. वॉरन रिपब्लिकन होते, पण डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारीही त्यांनीच जिंकली. प्रचार चालू असताना बेकर्सफील्डच्या घरी त्यांच्या वडिलांचा खून झाला. खुनी कधीच सापडला नाही.

नव्या अधिकारांची परीक्षा समुद्रावर झाली. सांता मोनिकाच्या किनाऱ्यासमोर ‘रेक्स’ नावाचं जहाज नांगरलेलं होतं. टोनी कॉर्नेरो हा दारूबंदीच्या काळातला जुना तस्कर ते चालवी. धक्क्यावरून छोट्या बोटी लोकांची ने-आण करत. जहाजावर रूलेटची टेबलं, पत्ते, यंत्रांच्या रांगा, खानपान आणि वाद्यवृंद, सगळा थाट होता. जुगार कॅलिफोर्नियात बेकायदा होता. पण कॉर्नेरोचं म्हणणं असं, की राज्याची हद्द किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत आणि माझं जहाज त्याच्या पलीकडे आहे. ‘टेक्सास’, ‘शोबोट’ आणि ‘टँगो’ ही आणखी तीन जहाजं तसाच दावा करत उभी होती. लॉस एंजेलिसच्या स्थानिक अधिकाऱ्यांना त्यांचा बंदोबस्त करता आला नव्हता.

वॉरन यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे जुगाराच्या कलमाऐवजी सार्वजनिक उपद्रवाचा कायदा हाती घेतला. किनाऱ्यावरच्या लोकांना त्रास होतो, शहराची शांतता बिघडते, आणि असा उपद्रव राज्याला बंद करता येतो, ही त्यामागची भूमिका. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. तीन मैल मोजायचे कुठून, हाच प्रश्न त्यांनी उलटा करून विचारला. सांता मोनिकाचा उपसागर आत वळलेला आहे. त्याच्या उत्तरेच्या टोकाला पॉइंट ड्यूम आणि दक्षिणेला पॉइंट व्हिसेंटे ही भूशिरं आहेत. या दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढली, तर तिच्या आतलं सगळं पाणी राज्याचं ठरतं आणि तीन मैल त्या रेषेच्या पुढे सुरू होतात. मग ‘रेक्स’ कॅलिफोर्नियाच्या आतच येतं. १ ऑगस्ट १९३९ ला राज्याच्या माणसांनी बोटींतून जाऊन चारही जहाजांना वेढा घातला. तीन जहाजं लवकर शरण आली. ‘रेक्स’वरच्या लोकांनी आग विझवायच्या पाण्याच्या नळांचे फवारे सोडून बोटींना परतवलं आणि कॉर्नेरो आठवड्याहून अधिक काळ जहाजावर अडून राहिला. शेवटी तोही उतरला, आणि त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं भूशिरांची रेषा मान्य केली. कायद्याचा अभ्यास, नकाशा आणि हिंमत यांचा असा मेळ या पदाच्या इतिहासात क्वचितच दिसतो. वॉरन यांचं नाव राज्यभर झालं.

आणि याच वॉरन यांनी अडीच वर्षांनी नकाशाचा दुसरा उपयोग केला. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर १९४२च्या फेब्रुवारीत त्यांनी राज्यभरच्या शेरीफांची आणि सरकारी वकिलांची बैठक बोलावली. प्रत्येक परगण्यात जपानी लोकांच्या ताब्यात कुठली जमीन आहे याचे नकाशे तयार करायला सांगितले. जमीन कायद्याच्या अंमलबजावणीसाठी लागणारी तीच माहिती, त्याच यंत्रणेकडून. नकाशांवर विमानतळ, वीजवाहिन्या, तेलाच्या टाक्या दाखवल्या होत्या आणि त्यांच्या आजूबाजूला जपानी शेतं. काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना वॉरन म्हणाले, की अजून एकही घातपात झाला नाही हीच काळजीची गोष्ट आहे, ठरलेल्या वेळी सगळे एकदम होणार असले पाहिजेत. पुरावा नसणं हाच पुरावा, असं राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यानं सांगितलं. ही शेतं तिथे का होती, याचं उत्तर साधं होतं: वीजवाहिन्यांखालची आणि रेल्वेलगतची जमीन दुसऱ्या कोणाला नको असे, म्हणून ती यांना मिळे. सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरादारावरून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत नेण्यात आलं. त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. नोव्हेंबरात वॉरन गव्हर्नर म्हणून निवडून आले.

पुढे १९५३ साली ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले आणि १९५४ साली काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्यांच्या लेखणीतून उतरला. १९४२च्या कृतीबद्दलचा पश्चात्ताप त्यांच्या आत्मचरित्रात आला, आणि ते पुस्तक १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झालं. मला वाटतं, वॉरन यांच्या दोन रूपांचा मेळ घालण्याचा प्रयत्न करू नये. निवडणुकीच्या वाटेवर उभा असलेला वकील आणि आजन्म नेमणूक मिळालेला न्यायमूर्ती यांच्यावर वेगवेगळे दाब असतात. दुसऱ्या भूमिकेत वॉरन थोर ठरले, म्हणून पहिल्या भूमिकेतला अन्याय लहान होत नाही.

त्यांच्यानंतरचे रॉबर्ट केनी उदारमतवादी म्हणून ओळखले जात. मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवण्याविरुद्धच्या प्रसिद्ध मेंडेझ खटल्यात त्यांनी मुलांच्या बाजूनं निवेदन दिलं. पण जमीन जप्तीचे दावे त्यांच्याही कार्यालयातून चालूच राहिले. एका हातानं एक आणि दुसऱ्या हातानं दुसरं, असं या कार्यालयात नेहमीच घडत आलं आहे. मग आले फ्रेड हाउझर, आणि १९३४च्या सुधारणेची काळी बाजू समोर आली. सगळ्या शेरीफांवर देखरेख करणारा माणूसच जुगारवाल्यांशी संबंध ठेवून असेल तर काय? गव्हर्नर वॉरन यांना त्याला काढता येत नव्हतं. त्यांनी निवृत्त ॲडमिरल विल्यम स्टँडली यांच्या अध्यक्षतेखाली संघटित गुन्हेगारीची चौकशी करणारा आयोग नेमला आणि आयोगानं ॲटर्नी जनरलच्या माणसांकडे बोट दाखवलं. जुलै १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर मिकी कोहेन या टोळीप्रमुखावर पहाटे गोळीबार झाला, तेव्हा त्याच्याबरोबर जखमी झालेला एक जण ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातला अधिकारी होता. टोळीप्रमुखाच्या रक्षणासाठी राज्यानं आपला माणूस दिला होता. पुढच्या वर्षी हाउझर यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी प्राथमिक फेरीत घरी बसवलं. गव्हर्नरला जे जमलं नव्हतं ते मतपत्रिकेनं केलं.

जमीन कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५२ साली सेई फुजी यांच्या खटल्यात रद्द केला. पुस्तकातून त्याची अक्षरं काढून टाकण्यासाठी १९५६च्या नोव्हेंबरात सार्वमत झालं आणि लोकांनी ते मंजूर केलं. त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर इंपीरियल खोऱ्यातून दलिपसिंग सौंद अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. बर्कलेतून गणिताची डॉक्टरेट घेऊनही त्यांनी त्या खोऱ्यात शेती केली होती. १९४६ साली भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, १९४९ साली ते नागरिक झाले आणि सात वर्षांनी खासदार. प्रतिनिधिगृहात मतदानाचा हक्क घेऊन पोहोचलेले ते पहिले आशियाई.

या पदाचा सगळ्यात देखणा वापर कोणी केला असं मला विचारलं, तर मी स्टॅन्ली मॉस्क यांचं नाव घेईन. ज्यू कुटुंबात जन्मलेले मॉस्क न्यायाधीश असताना १९४७ सालीच, घर फक्त गोऱ्यांना विकण्याची अट त्यांनी बेकायदा ठरवली होती. १९५८ साली दहा लाखांहून अधिक मताधिक्यानं ते ॲटर्नी जनरल झाले आणि त्यांनी कार्यालयात नागरी हक्कांचा स्वतंत्र विभाग उघडला. चार्ली सिफर्ड या काळ्या गोल्फपटूची तक्रार त्यांच्यापर्यंत आली. व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच सदस्यत्व गोऱ्यांपुरतं असल्याचं कलम होतं. सिफर्ड उत्तम खेळत, पण त्यांना बहुतेक स्पर्धांची दारं बंद होती. मॉस्क यांनी संघटनेला कळवलं, की हे कलम असेपर्यंत कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक मैदानावर स्पर्धा होणार नाही. संघटना म्हणाली, आम्ही खासगी क्लबात खेळू. मॉस्क म्हणाले, तिथेही होऊ देणार नाही. लॉस एंजेलिसला ठरलेली १९६२ची मोठी स्पर्धा संघटनेनं पेनसिल्व्हेनियात हलवली, तेव्हा मॉस्क यांनी इतर राज्यांच्या ॲटर्नी जनरलांना पत्रं धाडली. जायला जागा उरेना. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते कलम काढून टाकलं गेलं. सिफर्ड तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते, खेळाडूची उमेदीची वर्षं निघून गेली होती, तरी १९६७ साली हार्टफर्डची स्पर्धा त्यांनी जिंकली. सार्वजनिक उपद्रवाचा, मैदानाच्या परवान्याचा, मोजणीच्या रेषेचा, असा कुठला ना कुठला साधा कायदा हाती असतोच. तो कोणासाठी उचलायचा, हे त्या खुर्चीतल्या माणसावर असतं.

आज ‘न्याय विभाग’ या नावानं चालणाऱ्या या कार्यालयात चार हजारांहून अधिक कर्मचारी आणि हजाराहून अधिक वकील आहेत. राज्याच्या नावानं होणारी अपिलं, पर्यावरणाचे दावे, ग्राहकांच्या फसवणुकीचे खटले, धर्मादाय संस्थांची देखरेख, सगळं इथून चालतं. सार्वमतासाठी येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाचं शीर्षक आणि शंभर शब्दांतला गोषवारा लिहिण्याचं कामही ॲटर्नी जनरलचं आहे. हे कारकुनी काम वाटतं, पण बहुसंख्य मतदार एवढंच वाचून मत देतात. २००८ साली समलिंगी विवाहांविरुद्ध आठ क्रमांकाचा प्रस्ताव आला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नुकताच त्या विवाहांना हक्क दिला होता. ॲटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी शीर्षक बदललं: हा प्रस्ताव समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क काढून घेतो. प्रस्तावाचे समर्थक न्यायालयात गेले आणि हरले, कारण शीर्षक खरं होतं. तरी प्रस्ताव मंजूर झाला.

जेरी यांचे वडील पॅट ब्राउन हेही पन्नासच्या दशकात ॲटर्नी जनरल होते आणि मग गव्हर्नर झाले. बापलेक दोघेही दोन्ही पदांवर बसले. जेरी तर गव्हर्नरपद आधी भोगून, मधल्या काळात ओकलंडचे महापौर राहून मग ॲटर्नी जनरल झाले होते. आता त्यांच्यापुढे पेच असा, की लोकांनी मंजूर केलेली दुरुस्ती राज्याच्या घटनेचा भाग झाली होती आणि तिचा बचाव करणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम होतं. त्यांनी नकार दिला. त्यांच्या मते ती मूलभूत हक्काच्या विरुद्ध होती. २०११ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या कमला हॅरिस यांनीही तेच केलं. सरकारनं पाठ फिरवल्यावर प्रस्तावाचे समर्थकच अपिलात गेले. जून २०१३ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, की राज्याच्या वतीनं लढण्याचा या खासगी लोकांना अधिकार नाही. निकालाचं सगळं वजन एका नकारावर तोललेलं होतं. दोन दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात दावा आणणाऱ्या एका जोडप्याचं लग्न हॅरिस यांनी स्वतः लावलं.

मी या निकालाच्या बाजूचा आहे. तरीही या नकारात एक धोका आहे. सत्तर लाख मतदारांनी मंजूर केलेली गोष्ट एका वकिलानं वाऱ्यावर सोडायची असेल, तर उद्या दुसरा वकील दुसरी, चांगली गोष्टही तशीच सोडू शकतो. हॅरिस यांना ही अडचण कळत होती, असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं. फाशीला त्यांचा जाहीर विरोध होता. २०१४ साली एका केंद्रीय न्यायाधीशानं कॅलिफोर्नियाची फाशीची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा त्यांनी त्या निकालाविरुद्ध अपील केलं, आणि ते जिंकलंही. त्यांच्याच बाजूचे लोक त्यांच्यावर रागावले. विवाहाच्या वेळी स्वतःच्या विवेकाचं ऐकलं आणि फाशीच्या वेळी कायद्याचं, यात विसंगती आहे असं म्हणता येतं. मला ती प्रामाणिक विसंगती वाटते, पण फाशीच्या रांगेत असलेल्या माणसाला तसं वाटायचं कारण नाही.

हॅरिस यांची निवड पंचाहत्तर हजारांहून कमी मतांच्या फरकानं झाली होती. मोजणी तीन आठवडे चालली होती, आणि प्रतिस्पर्ध्यानं निकालाच्या रात्रीच विजय जाहीर करून टाकला होता. या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, पहिल्या काळ्या आणि आई चेन्नईची असल्यामुळे पहिल्या भारतीय वंशाच्या. त्यांनी सूत्रं घेतली तेव्हा घरकर्जांच्या जप्त्यांनी राज्य होरपळत होतं. पन्नास राज्यांचे ॲटर्नी जनरल एकत्र येऊन पाच मोठ्या बँकांशी तडजोडीची बोलणी करत होते. सप्टेंबर २०११ मध्ये हॅरिस बोलण्यांतून उठून बाहेर पडल्या. कॅलिफोर्नियाला मिळणारा वाटा त्यांना अपुरा वाटला. पुढच्या फेब्रुवारीत देशभरची तडजोड झाली ती पंचवीस अब्ज डॉलरांची, आणि कॅलिफोर्नियाच्या वाट्याला आलेल्या सवलतींचा अंदाज त्याहून वेगळ्या हिशेबानं अठरा अब्जांचा होता. त्यातल्या बऱ्याच सवलती घर कमी किमतीत विकून सुटका करून घेण्याच्या स्वरूपात आल्या. म्हणजे कर्ज माफ झालं, घर राहिलं नाही. तरी त्यानंतर झालेला घरमालकांच्या हक्कांचा कायदा टिकाऊ ठरला.

असं एकत्र येऊन लढण्याची सवय राज्यांना तंबाखूनं लावली. १९९४ साली मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. आजाऱ्यांच्या उपचारावर राज्याचा पैसा खर्च होतो, तो भरून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या राज्याच्या गव्हर्नरनं हा दावा थांबवण्यासाठी न्यायालय गाठलं, पण लोकांनी निवडलेल्या वकिलाला रोखता आलं नाही. १९९८ साली छेचाळीस राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी पंचवीस वर्षांत दोनशे अब्ज डॉलरांहून अधिक द्यायचं कबूल केलं.

अलीकडे हीच फौज केंद्र सरकारविरुद्ध उभी राहते. डेमोक्रॅट अध्यक्षाविरुद्ध टेक्सास, रिपब्लिकन अध्यक्षाविरुद्ध कॅलिफोर्निया, असा तो सामना झाला आहे. हाव्हियर बेसेरा यांनी ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत शंभराहून अधिक दावे लावले. २०२१ पासून या पदावर असलेले रॉब बोंटा फिलिपिन्समध्ये जन्मलेले आहेत आणि तान्हे असताना आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियात आले.

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी आदेश काढला: आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व नाही. आदेश कायदेशीर मार्गानं आलेल्यांनाही लागू होता. सनीव्हेल, फ्रीमाँट, सॅन होजे इथल्या मराठी घरांत त्या आठवड्यात डॉक्टरांच्या तारखेबरोबर न्यायालयाच्या तारखेचीही चौकशी होऊ लागली. एच-१बी व्हिसावर दहा-दहा वर्षं ग्रीन कार्डाची वाट पाहणारी, पुण्या-नाशिकाकडची ही कुटुंबं. त्यांनाही कॅलिफोर्नियात मत नाही. दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारीला, बोंटा यांनी इतर राज्यांच्या ॲटर्नी जनरलांसह आदेशाविरुद्ध दावा दाखल केला. आधार घेतला तो चौदाव्या घटनादुरुस्तीचा आणि १८९८ सालच्या वाँग किम आर्क निकालाचा. वाँग हे सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेले स्वयंपाकी. त्यांच्या आईवडिलांना नागरिक होता येत नव्हतं, पण इथे जन्मलेला मुलगा नागरिकच, असं सर्वोच्च न्यायालयानं तेव्हा ठरवलं होतं. इंपीरियल खोऱ्यातल्या पंजाबी बापांनी मुलांच्या नावानं जमिनी ठेवल्या होत्या, त्या याच निकालाच्या भरवशावर.